एजंट म्हणतो, ‘थार म्हणजे फोर बाय फोर असतेच’

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी कराडमध्ये शाळेत शिकवते. मिस्टर बँकेत आहेत, मुलगी चौथीत. सासू-सासरे पाटण तालुक्यात वाडीवर राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, सासूबाईंना दर महिन्या-दीड महिन्याला कराडला डॉक्टरांकडे आणावं लागतं. डांबरी संपली की वाडीपर्यंत अडीच किलोमीटर कच्चा रस्ता आहे, मधे एक साकव आणि त्याच्या पुढे खडी चढण. गेल्या पावसाळ्यात आमची छोटी गाडी तिथं अडकली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. एरवी गाडी रोज शाळा, बाजार, क्लास अशी चार-पाच किलोमीटर फिरते. जुनी फोर बाय फोर घ्यायचं ठरवलंय. सगळं धरून दहा लाख आहेत. मिस्टरांच्या मनात थार आहे. एजंटने २०२३ ची डिझेल थार पावणेनऊ लाखांत दाखवली. म्हणाला, ‘थार म्हणजे फोर बाय फोर असतेच.’ त्याच्याकडेच दिल्ली पासिंगची सफारी स्टॉर्म बरीच स्वस्तात आहे. सासरे म्हणतात, आम्ही साध्या जीपवर आयुष्य काढलं, हा खर्च कशाला? मी रोज गाडी चालवते, पण गाडीच्या आतलं मला काही कळत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी त्या थारचं टोकन देऊ नका.

जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने थारचं एक स्वस्त मॉडेल आणलं. त्यात इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. डिझेलमध्ये त्याला १.५ लिटरचं इंजिन आहे आणि नव्या गाडीची शोरूम किंमतच तेव्हा दहा लाखांच्या आत सुरू होत होती. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, डिझेल थारला २.२ लिटरचं इंजिन असतं. बाहेरून दोघी जवळजवळ जुळ्या दिसतात. पावणेनऊ लाखांत २०२३ ची डिझेल थार मिळतेय म्हणजे ती बहुधा पहिल्या प्रकारची आहे. आरसीवर इंजिनाची क्षमता छापलेली असते. तिथे १४९७ असेल तर विषय संपला, २१८४ असेल तर गाडी पुढे बघण्यासारखी आहे. पेट्रोल थारमध्ये ही खूण कामाची नाही, कारण दोन्ही प्रकारांत तेच दोन लिटरचं इंजिन येतं. तिथे गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा शोधायचा. त्यावर २एच, ४एच, एन, ४एल असं लिहिलेलं असतं. २एच म्हणजे नुसती मागची चाकं, ४एच म्हणजे चारही, एन म्हणजे न्यूट्रल, आणि ४एल म्हणजे चारही चाकं पण संथ आणि जास्त जोराने, यालाच लो रेंज म्हणतात. तो दांडा नसेल तर ती फोर बाय फोर नाही, मग मागे कितीही मोठा बिल्ला चिकटवलेला असो. असले बिल्ले ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतात.

हीच गत इतर नावांची. स्कॉर्पिओ, बोलेरो आणि सफारी स्टॉर्म या तिन्ही टू-व्हील ड्राइव्हमध्येही विकल्या गेल्या, आणि बाजारात त्याच जास्त आहेत. २०२१ पासूनची नवी सफारी तर फक्त पुढच्या चाकांवर चालते. म्हणून नावावर जाऊ नका, प्रत्येक गाडीची खात्री वेगळी करा.

आता तुमच्या रस्त्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला गाडीतलं कळत नाही, पण तुमच्या पत्रात अडीच किलोमीटर, साकव, त्यापुढची चढण, गुडघे, रोजचे चार-पाच किलोमीटर असं सगळं आलंय. गाडी निवडायला यापेक्षा फारसं काही लागत नाही. एकच गोष्ट अजून हवी. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर एकदा तो रस्ता मिस्टरांबरोबर पायी चाला, हातात काठी आणि मोजपट्टी घेऊन. गेल्या वर्षी गाडी नक्की कशाने अडकली ते बघायचंय.

अडकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी चाकोरी खोल होते, मधला उंचवटा तसाच राहतो आणि छोट्या गाडीचं पोट त्यावर टेकतं. चाकं मग हवेत फिरल्यासारखी फिरतात. याला उपाय म्हणजे जमिनीपासूनची उंची. छोट्या गाड्यांत ती साधारण १६५-१७० मिमी असते, फोर बाय फोर गाड्यांत २०० च्या पुढे. जिम्नीची २१०, थारची २२६. तुमच्या रस्त्यावरचा उंचवटा २३ सेंटिमीटरच्या वर असेल तर यातली कुठलीही गाडी घेतलीत तरी पोट घासणारच. तिथे गाडीवर नाही, रस्त्यावर खर्च करायला हवा. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरा प्रकार चढणीवरचा. तुमची सध्याची गाडी पुढच्या चाकांवर चालते. चढणीवर वजन मागे सरकतं, त्यात मागे माणसं आणि खताची पोती असली की पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. सासऱ्यांची जुनी जीप मागच्या चाकांवर चालायची, मागे ओझं भरलं की तिची पकड उलट वाढायची. म्हणून ती चढली. सासरे चुकीचं बोलत नाहीत, त्यांना हे जरूर सांगा. त्यांना बरं वाटेल आणि ते खरंही आहे.

पण चढण्यापेक्षा मला तुमच्या उतरण्याची काळजी जास्त वाटते. सासूबाईंना बरं नाही, पाऊस लागलेला, आणि तुम्ही त्या ओल्या लाल मातीवरून साकवाकडे उतरताय. ब्रेक जोरात दाबला की चाकं थांबतात पण गाडी घसरत राहते, आणि थांबलेल्या चाकाला स्टिअरिंग ऐकत नाही. अशा वेळी लो रेंज कामाला येते. ४एल मध्ये टाकून पहिल्या गिअरला गाडी सोडली की ती माणूस चालेल तेवढ्या वेगाने इंजिनच्या जोरावर धरून उतरते, ब्रेकला पाय जवळपास लावावाच लागत नाही. माझ्या लेखी तुमच्या घराला फोर बाय फोरची गरज आहे ती या कारणासाठी, आणि म्हणून नुसती चार चाकांची ताकद पुरत नाही, लो रेंज असलेलीच बघा.

मिस्टरांना एवढं मात्र सांगून ठेवा, की थार, जिम्नी, स्टॉर्म, स्कॉर्पिओ यांच्यासारख्या गाड्यांत फोर बाय फोर ही चिखलासाठी, मातीसाठी दिलेली असते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे वेग सांभाळून घेणारं डिफरन्शियल त्यांत नसतं. डांबरीवर ४एच लावून वळणं घेतली की सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आणि जॉइंटवर येतो. पावसात रस्ता ओला आहे म्हणून कराड-पाटण रस्त्यावर ४एच लावून जायचं नाही. वाडीच्या फाट्यावर लावायची, परत फाट्यावर आलं की काढायची.

थारबद्दल. मिस्टरांचं मन मला कळतं. ती गाडी बघितली की कुणालाही घ्यावीशी वाटते, आणि २०२० नंतरची फोर बाय फोर थार खरोखर चांगली आहे. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. पण तिला मागचे दरवाजे नाहीत. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, पाय उचलून, वाकून आत शिरावं लागतं. तुमच्या सासऱ्यांना ते जमणार नाही, आणि दर वेळी त्यांना आधार देऊन चढवताना घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस होईल. २०१० ते २०२० मधली जुनी थार तर आणखी अवघड. तिच्यात मागे समोरासमोर बाकं आहेत, चढायचं मागच्या बाजूने. चौथीतल्या मुलीला आडव्या बाकावर बसवून रोज शाळेत नेणं मला अजिबात पटत नाही. पाच दरवाज्यांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली, पण ती तुमच्या दहा लाखांत बसत नाही. म्हणून थार या यादीतून काढा. मिस्टरांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल.

इंधनाचंही बघू. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे नवे, कडक नियम) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात धावावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर, तेही कराडच्या बाजारातून थांबत थांबत, असं चाललं की फिल्टर भरत जातो, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. वाडीला जाताना कराड-चिपळूण रस्त्यावर तो साफ होईल हे खरं, पण मधल्या आठवड्यांचं काय? तुमचं रोजचं चालणं पेट्रोलच्या सोयीचं आहे. डिझेलच घ्यायची झाली तर २०२० च्या आधीची, बीएस-४ घ्या.

हे सगळं जुळवून माझ्यासमोर एकच नाव उरतं, मारुती जिम्नी. जून २०२३ मध्ये ती आली. पाच दरवाजे, म्हणजे माणसांना मागे सरळ दार उघडून बसता येतं. सगळ्या जिम्नींमध्ये फोर बाय फोर आणि लो रेंज असतेच, त्यामुळे ‘ही नक्की फोर बाय फोर आहे ना’ ही धास्ती नाही. खाली शिडीसारखी चेसी, पुढे-मागे सलग ॲक्सल. सहा एअरबॅग सगळ्यांत आहेत. रुंदी १६४५ मिमी, लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे कराडच्या गल्लीत लावायला अडचण नाही, आणि वाडीच्या रस्त्यावर समोरून बैलगाडी आली तर बाजूला घेता येते. वजनाला हलकी आहे, आणि चिखलात हलकी गाडी कमी रुतते. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन मारुतीच्या इतर गाड्यांतही आहे, त्यामुळे इंजिनचे सुटे भाग आणि हात बसलेले मिस्त्री तालुक्याला मिळतात. एप्रिल २०२३ नंतरची असल्याने पंपावरच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचीही चिंता नाही. नवी असताना तिची शोरूम किंमत पावणेतेरा लाखांपासून सुरू होती. पुढे कंपनीने मोठ्या सवलती दिल्या, त्यामुळे जुन्यांचे भावही उतरले. २०२३ ची, मॅन्युअल गिअरची शोधा. दहा लाखांत बसवायला घासाघीस करावी लागेल, ती करा.

तिच्या उणिवाही सांगते. जिम्नीत फक्त चार जण बसतात, आरसीवरही चारच असतात. तुम्ही पाच जण आहात. पण तुमच्याच पत्रावरून हिशेब केला तर वाडीला जाताना तुम्ही तिघं असता. दवाखान्यासाठी येताना मिस्टर किंवा तुम्ही, आणि ते दोघं. पाचही जण एका गाडीत असण्याचे प्रसंग म्हणजे लग्नं आणि देवदर्शन, त्यासाठी एक दिवस भाड्याची गाडी करणं स्वस्त पडतं. डिकी अगदीच लहान आहे. तांदळाची पोती आणायची तर मागची सीट पाडावी लागेल. हायवेवर ओव्हरटेक करताना गिअर खाली टाकावा लागतो. शहरात लिटरला बारा-तेरा किलोमीटरच्या पुढची अपेक्षा ठेवू नका.

जिम्नी बजेटात बसलीच नाही किंवा पाच जागा हव्यातच असं तुमचं ठरलं, तर दुसरी निवड फोर बाय फोर स्कॉर्पिओची, बीएस-४ ची. उंच आहे, सासऱ्यांना पायरी आणि धरायला दांडी लागेल, पण तिचं काम करणारा मिस्त्री प्रत्येक गावात सापडतो, आणि आडरानात हे फार महत्त्वाचं. रेनो डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी डस्टर, मला स्वतःला फार आवडते. खड्ड्यांतून ती जशी जाते तशी या किमतीत दुसरी कुठलीच जात नाही, म्हाताऱ्या माणसांच्या पाठीला ती सगळ्यांत मऊ. पण तिला लो रेंज नाही, फक्त पहिला गिअर मुद्दाम लहान ठेवलाय. तुमचा उतार पायी बघून ‘इतका काही खडा नाही’ असं वाटलं तरच तिच्याकडे जा, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. तो तुटला तर इंजिनच हाताबाहेर जातं. जिप्सी आणि गुरखा या दणकट गाड्या आहेत, चिखलात त्यांच्याबद्दल शंका नाही, पण रोज शाळेत न्यायला आणि आजारी माणसाला बसवायला नाहीत.

दिल्लीची स्टॉर्म स्वस्त का आहे? दिल्ली आणि आसपास दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचं सावट गेली बरीच वर्षं आहे, म्हणून तिथले मालक त्या बाहेरच्या राज्यांत विकतात. गाडी वाईट असेलच असं नाही. कोकणातल्या गाडीपेक्षा तिथल्या कोरड्या हवेतल्या गाडीला गंज कमी असतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथलं नव्याने पासिंग, इथला रोड टॅक्स पुन्हा, एजंटच्या फेऱ्या हे सगळं मिळवलं की स्वस्ताई बरीचशी संपते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. गाडी अकरा वर्षांची असेल तर तुमच्या हातात चार वर्षं, मग फिटनेस आणि नूतनीकरण. स्टॉर्म बंद होऊनही आता काही वर्षं झाली, फोर बाय फोरचे भाग शोधत हिंडावं लागतं. एमएच-५०, एमएच-११, एमएच-०९ अशी जवळपासच्या पासिंगची गाडी बघा. मालकाला भेटता येतं, तो कुठल्या रस्त्यावर राहतो ते कळतं, आणि तुम्हाला तेच कळायला हवं.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि आधीच फोनवर सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, थंड आहे ना. गार इंजिन कसं सुरू होतं, धूर कसला येतो, हे गरम केलेल्या गाडीत कळत नाही. सोबत एजंटच्या ओळखीचा नाही, तुमचा मिस्त्री न्या, जीपची कामं केलेला. त्याची एक दिवसाची मजुरी द्या, ती वाचवू नका.

मग गाडी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढवा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत या. जुन्या फोर बाय फोरचा खरा हिशेब तिच्या पोटाखाली असतो. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, जागेवर आहे का ते आधी बघा. आवाज येतो म्हणून किंवा डिझेल वाचतं म्हणून काही मालक तो काढून ठेवतात आणि गाडी पुढे तशीच विकली जाते. दांडा हलतो, दिवाही लागतो, चाकं मात्र मागचीच फिरतात. जॉइंटचे क्रॉस हाताने हलवून बघायला सांगा. चेसीच्या दोन्ही पट्ट्यांवर, पाटे किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागी, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. खाली नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर जास्त बारकाईने बघा, रत्नागिरी-सिंधुदुर्गकडच्या गाडीत तर नक्कीच. चेसीवर वेल्डिंग दिसलं तर ती गाडी नको.

दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. ओढ्यातून नेलेल्या गाड्यांत हे सर्रास सापडतं, आणि तेल वेळेवर बदललं नसेल तर आतले बेअरिंग संपलेले असतात. स्कॉर्पिओसारखी जुनी गाडी बघत असाल तर पुराचीही शंका धरा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या पट्ट्यांखाली बोट फिरवा, मॅट उचलून वास घ्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का बघा.

चालवताना दोन चाचण्या करा. डांबरीवर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का? पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांत, म्हणजे जिम्नीतही, चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असलं किंवा किंगपिन, स्टिअरिंग डॅम्पर ढिला असला की असं होतं. मग एखाद्या मातीच्या मैदानात न्या. थांबून ४एल लावा, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी चालू द्या. कटकट, खरखर यायला नको आणि दांडा आपोआप उडून बाहेर यायला नको. तिथेच मातीवर एक मोठा गोल वळसा घ्या, पुढच्या चाकांतून टकटक आली तर शाफ्टचे जॉइंट गेलेत. हे सगळं तुम्ही स्वतः चालवून करा, मिस्टर शेजारी बसू देत. रोज गाडी तुम्ही चालवणार आहात. क्लचचा जोर, सीटवरून बॉनेट दिसतं का, हे तुमच्या पायाने आणि डोळ्यांनी ठरू दे. आणि शक्य असेल तर सासऱ्यांना एकदा त्या गाडीत बसवून उतरवून बघा.

मोठे टायर, उंची वाढवलेली, पुढे लोखंडी बुलबार, छतावर दिव्यांची रांग, अशी सजवलेली गाडी दिसली तर भुलू नका. कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला ते आडवे येतात. शिवाय अशी गाडी बहुतेक वेळा दगडधोंड्यांत पिटलेली असते. शिक्षकाने, डॉक्टरने, बागायतदाराने साधेपणाने वापरलेली जिम्नी शोधा. तशा खूप आहेत, कारण अनेकांनी हौसेने घेतली आणि डिकी लहान म्हणून विकायला काढली.

गाडीवर पूर्ण दहा लाख घालवू नका. लाखभर बाजूला ठेवा, त्यातला पहिला खर्च टायरचा. फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले लागतात. दोन नवे दोन जुने चालत नाहीत, तोही ताण ट्रान्सफर केसवरच येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी दिसत असली तरी बदला. कंपनीच्याच मापात ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि माती दोन्हींवर चालणारे, घ्या. पूर्ण चिखलाचे टायर घेऊ नका, रोज डांबरीवर ते घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पडतात. पावसात फाट्यावर थांबून हवा वीस-बावीसपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड खूप वाढते. परत डांबरीला लागलं की गाडीच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाने भरून घ्या. एक पट्ट्याचा दोर, एक फावडं आणि तो पंप गाडीत कायम असू दे.

आता रस्ता. मला वाटतं निम्मा प्रश्न इथेच सुटेल. सगळ्यात वाईट पट्टा बहुतेक शे-दोनशे मीटरचाच असतो. मे महिन्यात, वळवाच्या आधी, तिथे दोन-चार ट्रॉल्या मुरूम टाकून दाबून घ्या आणि वरच्या बाजूला चर खणा, म्हणजे डोंगराचं पाणी चाकोरीतून न वाहता बाजूने जाईल. चर नसेल तर मुरूम पहिल्याच आठवड्यात वाहून जातो, म्हणून दोन्ही एकत्र करायचं. वाडीतली इतर घरंही वाटा उचलतील, रस्ता त्यांचाही आहे. ग्रामपंचायतीत शेत/पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत तो रस्ता घेता येतो का, हे सासऱ्यांना विचारायला सांगा. या कामात त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा जास्त चालेल.

साकवावरून पाणी चाललं असेल तर थांबायचं. जिम्नी असो की रणगाडा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी हलकी गाडी तरंगायला लागते, आणि खाली साकव शाबूत आहे की नाही हे वरून दिसत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळून आंबेघर, मिरगावला काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंय. जुलै-ऑगस्टचे सहा-आठ आठवडे सासू-सासऱ्यांना कराडला तुमच्याकडे आणता आलं तर आणा. सासरे नाही म्हणतील, गुरांचं कोण बघणार म्हणतील. त्याची सोय आधी लावून मग विषय काढा.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा, पीयूसी, विम्याची मुदत आणि थकलेली ई-चलानं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर होऊ दे, चेसी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. एचएसआरपी नंबरप्लेट बसलेली आहे का तेही पाहा. पैसे बँकेतून, मालकाच्याच खात्यात, एजंटच्या नाही. आणि नाव बदललं की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. त्याच वेळी इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान भरून देणारं जास्तीचं कवच जोडून घ्या, साध्या पॉलिसीत ते धरलेलं नसतं.